पूर्वेकडचा गोल

ओमेर त्रेपानिएचं काम बसण्याचं होतं. पोर्ताज-न्वारच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकमध्ये, पूर्वेकडच्या गोलमागे, तारेच्या जाळीला लागून असलेली कडेची खुर्ची त्याची. पायाशी कॅनव्हासची थैली, थैलीत स्केट, हातमोजे, घोड्याच्या केसांनी भरलेले चामडी पॅड, आणि मांडीवर आडवी गोलरक्षकाची रुंद काठी. त्या काळी पगारी संघसुद्धा एकच गोलरक्षक पोसायचे. दोहोंपैकी कुठल्याही संघाचा गोलरक्षक जायबंदी झाला, तर त्याच्या जागी उभं राहायला एक माणूस यजमान गावानं तयार ठेवायचा, असा नियम होता. पोर्ताजचा तो माणूस म्हणजे ओमेर. बर्फ पडायला लागल्यापासून नदीवरचं बर्फ फुटेपर्यंत तो प्रत्येक सामन्याला यायचा, बसायचा आणि कोरडी थैली खांद्यावर टाकून घरी जायचा. गावात कुणाला उगाच ताटकळावं लागलं की लोक म्हणत, "माझा ओमेर झालाय."

त्याची बायको ब्लांदीन दारातच विचारायची, "पॅड ओले झाले का रे?"

"नाही."

"मग ते बाहेरच राहू दे. जो भिजत नाही त्याचं धुणं मी काढत नाही." आणि वाटाण्याचं सूप वाढायला आत जायची.

एरवी ओमेरचं गिरणीच्या रस्त्यावर दुकान होतं. बूट, लगाम, खोगिरं, चामड्याचं काय म्हणाल ते तो शिवायचा, आणि हिवाळाभर संघाचे पॅड. संघाचं नाव हिबू, म्हणजे घुबडं. नदीकाठच्या रानात घुबडं फार, त्यावरून पडलेलं. ओमेरच्या बापाच्या वेळी कागद गिरणीतले कामगार रविवारची प्रार्थना आटोपून नदीवरचं बर्फ झाडून खेळायचे, तोच हा संघ. मग गिरणीच्या मालकाला त्याची चटक लागली. त्यानं पत्र्याच्या छपराचं रिंक बांधलं, तपकिरी जर्सी शिवून घेतल्या, बाहेरगावचे खेळाडू आणले, पगार चालू केले आणि सगळ्यांच्या डोक्यावर मोंग्रें नावाचा व्यवस्थापक बसवला. मोंग्रें हसला की फक्त त्याचे दात दिसायचे, बाकी चेहरा होता तसाच.

संघाचा पहिला पगार हातात पडला तो एल्फेज कारोंच्या. गोलरक्षक. आडव्या अंगाचा, गुडघ्यांनी अधू, बोलायला कंजूष. तोंडात सदा स्प्रूसच्या झाडाचा डिंक चघळत असायचा, त्यामुळं तो खोलीत आला की आधी वास यायचा आणि मग एल्फेज. ओमेर तेव्हा विशीच्या आतला, सरावाला गोलमध्ये उभा राहायचा. एल्फेज जाळीच्या मागे उभा राहून त्याला शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, तीनच शब्द. "डावा." "खाली." "थांब." काळी रबरी चकती सुटायच्या आधी शब्द यायचा, आणि शब्दाप्रमाणे हललं की चकती येऊन बरोबर पॅडवर आदळायची. एल्फेजला आधी कसं कळतं, हे ओमेरनं एकदा विचारलं होतं.

"त्यांच्याकडे बघायचं नाही," एल्फेज म्हणाला. "ऐकायचं."

हिबूंनी पहिला चषक जिंकला त्या दुपारी चकती एल्फेजच्या कानशिलावर लागली. तोंडावर जाळी-बिळी लावायची पद्धत नव्हती. गिरणीच्या डॉक्टरनं जागेवरच टाके घातले, एल्फेज उठला आणि पुढचा सगळा सामना खेळला. शेवटची शिट्टी झाली तशी लोकांनी टोप्या उडवल्या, खेळाडूंना खांद्यावर घेतलं, बँड लावून मिरवणूक थेट गिरणीपर्यंत गेली. एल्फेज पूर्वेकडच्या गोलच्या दांडीला रेलून उभा होता. दमला असेल, येईल मागून, असं सगळ्यांनाच वाटलं. ओमेरलाही. बर्फ झाडायला आलेल्या माणसानं हाक मारली, ओ आली नाही, म्हणून खांद्याला हात लावला. एल्फेज तसाच, उभ्या उभ्या गार झाला होता.

त्याची जागा आपल्याला मिळेल असं ओमेरला वाटलं होतं. मोंग्रेंनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून दात दाखवले आणि ओंटारिओतून एक गोलरक्षक मागवला. ओमेरला खुर्ची मिळाली.

त्यानंतर हिबूंकडे गोलरक्षक टिकेना. कुणी नाताळपर्यंत राहायचा, कुणी जेमतेम फेब्रुवारी बघायचा. कारणं सांगायचे ती भलतीच. एकाला हवा मानवत नव्हती, एकाची आई आजारी. पश्चिमेच्या गव्हाच्या मुलखातून आलेला एक तरणाबांड गडी मात्र पॅड दुरुस्तीला टाकायला दुकानात आला तेव्हा स्पष्ट बोलला.

"तुमच्या पूर्वेच्या गोलमध्ये आधीच कुणीतरी उभं आहे," तो म्हणाला. "मला जागा पुरत नाही."

ओमेर दोऱ्याला मेण लावत राहिला. त्यालाही ठाऊक होतं. इतकी वर्षं त्या गोलच्या पाठीशी बसलेल्या माणसाला ठाऊक नसेल तर कुणाला? दोन भागांच्या मधल्या सुट्टीत रिंक रिकामं झालं की गोलच्या लोखंडी आडव्या दांडीवर हिम धरायचं, पांढरं, पिठासारखं. फक्त दोन ठिकाणी धरत नसे. माणूस दोन्ही हात टेकून उभा राहिला तर जिथं हात येतील, तिथं. बर्फ झाडणारा गोलपाशी आला की नकळत वळसा घालून जायचा. एखाद्या वेळी वारा नसताना जाळी आतून फुगायची, पाठ टेकल्यासारखी. ओमेरनं हे फक्त ब्लांदीनला सांगितलं होतं. ब्लांदीननं छातीवर क्रूस केला आणि म्हणाली, "त्याच्याकडे बघू नकोस. खेळ बघ. तेवढ्यासाठी बसवलंय तुला."

मग लढाई आली. संघातले निम्मे लोक समुद्रापार गेले, काही आलेच नाहीत. त्या वर्षांत चष्मेवाले आणि पन्नाशीतले लोक तपकिरी जर्सी घालून खेळले. लढाई संपल्यावर मात्र संघानं पुन्हा डोकं वर काढलं, आणि त्याला कारण होता कोंराद ब्लुएं. हा ब्लांदीनच्या बहिणीचा मुलगा. वाऱ्यासारखा पळायचा. रविवारी जेवायला मावशीकडे यायचा, साखर भरून भट्टीत भाजलेली गोड 'पाय' अर्धीअधिक एकटाच संपवायचा आणि ओमेरला चिडवायचा, "काका, एकदा तरी खाली या हो. खुर्ची झिजली तुमची."

त्या वर्षी अंतिम सामना फोर्ट डन्मोरशी पडला. मार्चमधला रविवार, दुपार, वरच्या खिडक्यांतून उन्हाचे पट्टे बर्फावर पडलेले. गावात म्हातारी-कोतारी सोडली तर घरी कुणी नव्हतं. तीनपैकी दोन भाग होत आले, बरोबरी होती, आणि दुसरा भाग संपता संपता डन्मोरच्या गोलरक्षकाला चकती डोळ्याखाली लागली. त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून नेलं. बर्फावर लाल डाग राहिला. मग एक माणूस पायऱ्या चढून आला आणि ओमेरसमोर थांबला. डन्मोरचा व्यवस्थापक. त्याला फ्रेंच येत नव्हती. त्यानं नुसतं बोटानं थैलीकडे दाखवलं.

ओमेरला उठताच येईना. शेजारच्यानं त्याला काखेत धरून उभं केलं.

खाली बोळात मोंग्रें उभा होता. सिगार विझलेला.

"ओमेर," तो म्हणाला, "जर्सी त्यांची घालशील. ते नियमानं. बाकी तू कुणाचा आहेस ते मी सांगायला नको."

"मला एकदा विचारलं असतंत," ओमेर म्हणाला, "तर मी तुमचीच घातली असती."

मोंग्रेंनं दात दाखवले आणि बाजूला झाला.

डन्मोरच्या खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते, दुभती म्हणून विकत घेतलेल्या गाईकडे बघावं तसे. त्यांच्या कप्तानाला मोडकीतोडकी फ्रेंच यायची. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "हे बघ बाबा, तुझं घर इथं आहे. आम्ही तुला दोष देणार नाही. फक्त मुद्दाम पडू नकोस."

"मी मुद्दाम काय, चुकूनही पडलो नाही अजून," ओमेर म्हणाला. "संधीच नाही आली." कप्तान हसला, पण डोळ्यांनी नाही.

हिरव्या जर्सीत ओमेर बर्फावर आला तेव्हा सगळं रिंक टाळ्यांनी आणि हसण्यानं दणाणलं. "उठला, उठला!" अशी ओरड झाली. तिसऱ्या भागात डन्मोरचा गोल पूर्वेला. ओमेर हळूहळू घसरत तिथवर गेला, वळला आणि पाठ गोलकडे करून उभा राहिला. तेवढ्यात टाळ्या बारीक झाल्या. थांबल्या नाहीत, पण दार लोटून घ्यावं तसा आवाज लांब गेला. आणि स्प्रूसच्या डिंकाचा वास आला.

मागं कुणीतरी चघळत होतं. सावकाश.

ओमेर वळला नाही. वळलो तर खेळता येणार नाही, एवढं त्याला कळलं. चकती पडली, हिबू चाल करून आले, पायांची, काठ्यांची गर्दी झाली आणि त्या गर्दीत त्याला काहीच दिसेना. बसून बसून डोळे बघ्याचे झाले होते, खेळाडूचे राहिले नव्हते.

"डावा," मागून आलं.

त्याचा डावा पाय त्याला न विचारता गेला. चकती पॅडवर थाड्कन बसली.

"खाली."

तो गुडघ्यांवर आला, चकती मांडीखाली सापडली.

"थांब."

तो थांबला. समोरच्यानं मारल्याची बतावणी केली होती, मारलं नव्हतं. ओमेर हलला असता तर मोकळा गोल होता. तो हलला नाही, म्हणून समोरचाच गोंधळला आणि चकती हातची घालवून बसला.

असं कितीतरी वेळ चाललं. लोकांचं हसणं आधी कौतुकाचं होतं, मग आश्चर्याचं झालं, मग थांबलं. नंतर शिव्या सुरू झाल्या. तिसऱ्या रांगेतून त्याचा चुलतभाऊच ओरडला, "विकलास का रे गाव?" ओमेरला ते ऐकू आलं, पण नदीच्या पलीकडून ऐकावं तसं. जवळचं काय ते मागचं चघळणं, आणि मानेवर पडणारा श्वास. श्वास गार होता. तोंडातून बाहेर पडणारा श्वास असा गार नसतो.

एकदा चकती लांब दुसऱ्या टोकाला होती, तेव्हा ओमेर ओठ न हलवता म्हणाला, "एल्फेज?"

चघळणं थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

त्याच वेळी पलीकडच्या टोकाला डन्मोरनं गोल केला. रिंकवर मृताच्या घरात पसरते तशी शांतता पसरली. आता हिबू एका गोलनं मागे, आणि वेळ हाताच्या बोटांवर मोजावा इतका उरलेला. हिबू जिवावर उदार होऊन तुटून पडले. आणि मग जे घडायचं ते घडलं. डन्मोरचा एक जण घसरून पडला, कोंरादनं चकती काढून घेतली आणि तो एकटा निघाला. मध्ये कुणी नाही. उन्हाच्या पट्ट्यांतून आत-बाहेर होत तो येत होता. जवळ आला तसा ओमेरला त्याचा चेहरा दिसला. पोरगा हसत होता.

"काका," तो धापा टाकत म्हणाला, "बाजूला व्हा."

ओमेर मागच्या शब्दाची वाट बघत राहिला. शब्द येईना. कोंरादचे खांदे वळले, तरी येईना. आणि मग अगदी कानाशी, दमलेल्या माणसाच्या आवाजात, आला.

"सोड, ओमेर."

ओमेरला वाटलं, तो गोल सोडायला सांगतोय. गावासाठी, तपकिरी जर्सीसाठी, इतके दिवस ज्यासाठी उभा राहिला त्यासाठी. आणि खरं सांगायचं तर ओमेरच्या मनातही तेच होतं. पण चकती सुटली आणि त्याचा उजवा हात वर गेला. चकती हातमोज्यात येऊन बसली आणि मूठ मिटली.

मागं धप्प झालं. भरलेलं पोतं खांबावरून घसरून खाली यावं तसं. जाळी ताणली गेली, गोल जागचा हलला, आणि गोलमागचा लाल दिवा लागला.

सगळं रिंक उसळून उभं राहिलं. दिवा लागला म्हणजे गोल झाला. कोंराद काठी उंचावून नाचायला लागला. पंच घसरत आला, ओमेरपुढं थांबला, आणि ओमेरनं मूठ उघडली. आत चकती होती.

पंच जाळीमागच्या खोपटाकडे गेला. तिथं दिवा लावायला तांक्रेद म्हातारा बसायचा, सचोटीचा माणूस, कधी चुकला नव्हता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"दिवा का लावलास?"

"आत पडलं," तांक्रेद म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितलं. आत पडलं."

"काय पडलं?"

तांक्रेदनं दिव्याच्या बटणावरचा हात काढून घेतला. त्या बटणाला त्यानं पुन्हा कधी हात लावला नाही.

गोल रद्द झाला. चषक डन्मोरला गेला.

त्या संध्याकाळी ब्लांदीननं थैली उघडली. पॅड चिंब होते. तिनं ते चुलीपाशी वाळत घातले आणि म्हणाली, "कोंरादचा तरी सोडायचास."

"हात त्याचा तो गेला गं. त्याला विचारायला वेळ नव्हता."

गावानं ओमेरला वाळीत टाकलं असं कुणी कबूल करणार नाही. पण गिरणीच्या घोड्यांचं सामान दुसऱ्या गावी दुरुस्तीला जायला लागलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर ऐसपैस जागा व्हायला लागली. कोंराद रविवारी जेवायला येईनासा झाला, आणि ब्लांदीननं साखरेची 'पाय' करणंच थांबवलं. ओमेरला मोंग्रेंनं निरोप धाडला की पुढल्या हिवाळ्यापासून खुर्चीवर दुसरा माणूस बसेल.

त्या पुढल्या हिवाळ्यात हिबूंकडे नवा गोलरक्षक आला आणि चक्क टिकला. खायचा, हसायचा, लठ्ठ झाला. पूर्वेचा गोल त्याला एका अक्षरानं बोलला नाही. आडव्या दांडीवर हिम सगळीकडे सारखं धरत होतं, असं बर्फ झाडणारा सांगायचा.

कारण एल्फेज आता ओमेरच्या दुकानात होता.

सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. ओमेर तिवईवर बसून बुटाला टाच ठोकत होता, आणि पाठीमागून म्हणजे भिंतीच्या बाजूनं, जिथं माणूस मावण्याएवढी जागाही नव्हती तिथून, वास आला. मग चघळणं. ओमेरचा हातोडा उचललेला होता.

"डावा."

त्यानं डावा हात मागं घेतला. हातोडा निसटून नेमका त्या जागी पडला.

हे रोजचंच होऊन बसलं. सुरी घसरायच्या आधी शब्द यायचा, दाभण मोडायच्या आधी यायचा. त्या वर्षात ओमेरच्या बोटाला एक ओरखडा आला नाही. पण पाठ गार पडली ती पडलीच. शेगडी लाल होईस्तोवर पेटवली तरी ऊब छातीशी थांबायची, मागं जायची नाही. तो दोन-दोन सदरे घालायला लागला. वाळला. दुकानात गिऱ्हाईक उगाच रेंगाळायचं ते बंद झालं. बूट पुढं करून लोक दारातच उभे राहायचे आणि का कोण जाणे, ओमेरच्या खांद्यावरून मागं बघायचे.

एका दुपारी ब्लांदीन जेवण घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"कोण आलंय?"

"कुणी नाही."

ब्लांदीननं हातातल्या तबकाकडे बघितलं. "मग मी दोन वाट्या का भरून आणल्या?"

पाद्रीबुवांना बोलावलं. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, मंत्र म्हटले आणि निघताना घाईत आपली टोपी विसरले. ती न्यायलाही त्यांनी दुसऱ्याला पाठवलं.

तो हिवाळा सरला आणि वसंतात बातमी फुटली. गिरणीच्या मालकानं संघ विकला होता, सीमेपलीकडे अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराला. नाव, खेळाडू, सगळं. कोंरादही गेला. लोक म्हणाले, ओमेरमुळं. चषक मिळाला असता तर संघ राहिला असता. खरं तर व्यवहार त्या अंतिम सामन्याच्या आधीच ठरला होता, हे पुढं सगळ्यांना कळलं; पण कळेपर्यंत सवय पडून गेली होती. स्टेशनवर संघाला निरोप द्यायला सगळा गाव जमला. ओमेर दुकानातच बसला होता. आगगाडीची शिट्टी झाली तेव्हा मागचं चघळणं थांबलं, आणि कितीतरी वेळ पुन्हा सुरू झालं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ओमेरला भीतीपेक्षा दया जास्त वाटली.

"गेले रे सगळे," तो मागं न बघता म्हणाला. "आता कुणासाठी उभा आहेस?"

पुढं शरद लागला. पुलापलीकडून मादाम कारों आली, एल्फेजची विधवा, देलिमा. उंच, ताठ, काळ्या कोटातली बाई. एल्फेजला माती दिल्यापासून तिनं रिंकचं तोंड बघितलं नव्हतं, आणि गिरणीच्या रस्त्यानंही ती फारशी यायची नाही. एका बुटाचा तळ सुटला होता. ओमेरनं तिला खुर्ची दिली आणि बूट फर्म्यावर चढवला. ती बसली, आणि मग तिची मान हळूच वर झाली.

"हा वास कसला?" तिनं विचारलं.

ओमेरनं दोऱ्याला मेण लावायला घेतलं.

"मस्यू त्रेपानिए, मी म्हातारी झाले, पण नाक शाबूत आहे. कसला वास?"

मग ओमेरनं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, बूट हातात घेऊन, खाली बघून. त्याचं संपल्यावर तिनं हातमोजे काढले, मांडीवर एकावर एक ठेवले.

"शेवटी काय म्हणाले?"

"सोड म्हणाला."

"तुम्ही सोडलं नाही."

"मला वाटलं, गोल सोड म्हणतोय."

"त्यांना गोलाशी काय करायचं होतं," ती म्हणाली. गावात नवऱ्याला अहो-जाहो करणाऱ्या जुन्या बायकांपैकी ती. "त्यांचे एवढे सामने झाले, पण घरी येऊन ते कधी गोलबद्दल बोलले नाहीत. गुडघे शेकायचे. मला म्हणायचे, देलिमा, अजून एक वर्ष, मग सोडतो."

बाहेरून घोडागाडी गेली. ती जाईपर्यंत मादाम कारों थांबली.

"गेले तेव्हा मी म्हणाले, त्यांना घरी आणा. निदान एक रात्र. आमच्यात माणूस घरातून निघतो. मोंग्रें आले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, मादाम, आता तो सगळ्या गावाचा आहे. रिंकच्या मधोमध ठेवलं त्यांना, बर्फावर, जर्सी घालून. लोक रांगेनं बघायला. बँड. तिथनं चर्च, चर्चमधनं माती. मी रांगेत उभी राहून बघितलं, सगळ्यांसारखं. घरी नाहीच आले ते."

ओमेरनं तळ शिवून पुरा केला. दोऱ्याची गाठ मारली, बूट पुसला, तिच्या पायाशी ठेवला. तिनं तो घातला, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि दारापाशी गेली. दार उघडलं. बाहेर पहिलं बर्फ भुरभुरत होतं. दार तिनं धरून ठेवलं, गरजेपेक्षा जास्त वेळ, गारठा सगळा आत येत होता तरी.

"चला," ती म्हणाली.

ओमेर तिवईवरून अर्धवट उठला. मग त्याच्या लक्षात आलं, ती त्याच्याकडे बघत नव्हती.

तिनं दार ओढून घेतलं. काचेतून ओमेरला ती पुलाकडे जाताना दिसली. एरवी ताडताड चालणारी बाई, पण आता सावकाश चालली होती, अधू गुडघ्यांच्या माणसाबरोबर चालावं तशी, रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवून. चढावर ती थांबली, थोडा दम खाऊ दिला, आणि पुढं निघाली.

ती दुपार सरायच्या आत ओमेरनं एक सदरा काढला.

मादाम कारों पुढं बरीच वर्षं जगली. शेजारणी सांगायच्या, तिच्या घरात डिंकाचा वास यायचा, पण त्याला घाबरावंसं कुणाला वाटलं नाही. रिंकचं छप्पर एका हिवाळ्यात बर्फाच्या भारानं बसलं, आत कुणी नव्हतं. लोकांनी घरोघरी टेलिव्हिजन घेतले आणि अमेरिकेतल्या त्या शहराचा संघ त्यावर बघायला लागले. जर्सी आता निळी होती. हातांनी बूट शिवून घेणारं गिऱ्हाईक कमी झालं, तरी जे होतं ते दुकानात बसून गप्पा मारायला लागलं. ओमेरशी भांडण कशावरून होतं हेही पुष्कळांना आठवेना.

कोंराद परत आला तो गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेला, केस गेलेला, अमेरिकन बायको घेऊन. मावशीला भेटला, मग दुकानात आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलंच.

"काका, एक सांगा. त्या अंतिम सामन्याच्या शेवटच्या भागात मी कुठं मारणार ते तुम्हाला आधी कळत होतं. ते जाऊ दे. पण शेवटचा मी वर मारीन, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी कधीच वर मारत नव्हतो."

ओमेरनं दाभण खाली ठेवलं.

"तोच तर कुणी नाही सांगितला," तो म्हणाला. "तेवढा एक माझा."

कोंरादला त्यातलं काही कळलं नाही. तो हसला, आणि मावशीनं आज काय केलंय म्हणून विचारायला लागला.